सुरुवातीच्या पार्किन्सन्समध्ये आवाजाची थेरपी: आत्ताच सुरू करावी का, आणि कोणती?

पारिजात

नमस्कार. माझ्या वडिलांना, वय ६७, दीड वर्षापूर्वी पार्किन्सन्सचे निदान झाले. उजव्या हाताचा कंप आणि चालताना तो हात अंगालगत राहणे एवढीच लक्षणे तेव्हा होती, आणि गोळ्यांवर ती बरीचशी आटोक्यात आहेत. ते आणि आई साताऱ्याला असतात, मी नोकरीनिमित्त पुण्यात असते. गेल्या सहा-सात महिन्यांत मात्र त्यांचा आवाज उतरत चालला आहे. वाक्याची सुरुवात ऐकू येते आणि शेवटचे दोन-तीन शब्द तोंडातल्या तोंडात राहतात. फोनवर निम्मे बोलणे मला अंदाजाने समजून घ्यावे लागते, आणि पूर्वी अर्धा-अर्धा तास चालणारे आमचे बोलणे आता ‘बरा आहे, आईला देतो’ एवढ्यावर आले आहे. बाबा एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या गोंगाटात कर्ण्यावरून गाड्या पुकारणारा त्यांचा आवाज मी लहानपणापासून ऐकलेला आहे, त्यामुळे हा बदल मला अधिकच लागतो.

त्यांना स्वतःला यात काही वावगे वाटत नाही. ‘तुझ्या आईला हल्ली कमी ऐकू येते’ असे ते म्हणतात, आणि अगदी मनापासून म्हणतात. आम्ही आईच्या कानांची तपासणी करून घेतली. तिचे ऐकणे वयाच्या मानाने उत्तम आहे. हे त्यांना सांगितल्यावर ते गप्प झाले आणि त्यानंतर आणखीच कमी बोलू लागले.

गावातल्या एका थेरपिस्टकडे आम्ही दोन महिने, आठवड्यातून एकदा अर्धा तास, जात होतो. जीभ बाहेर काढून डावीउजवीकडे फिरवणे, ओठांचा चंबू करणे, गाल फुगवणे, मेणबत्तीवर फुंकर घालणे असे व्यायाम त्यांनी शिकवले आणि बाबांनी ते नेमाने केले, पण आवाजात फरक पडला नाही. आता मेंदूविकारतज्ज्ञांनी ‘एलएसव्हीटी लाउड’ या पद्धतीचे नाव लिहून दिले आहे. त्यात आठवड्याला चार दिवस, असे सलग चार आठवडे जावे लागते. आजार इतक्या सुरुवातीला असताना एवढा खटाटोप खरोखर आवश्यक आहे का, की पुढे बोलणे अगदीच कळेनासे झाले म्हणजे पाहावे? साताऱ्यातून रोज पुण्याला येणे शक्य नाही, तर ही थेरपी व्हिडिओ कॉलवर होते का, आणि मराठीत होते का? बाबांना न दुखावता त्यांना हे पटवून कसे द्यावे, हेही कोणी अनुभवाने सांगितले तर फार उपकार होतील.

वाचोपचार

मी वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत पार्किन्सन्सचे रुग्ण बरेच असतात. तुमच्या वडिलांना तपासल्याशिवाय त्यांच्याविषयी ठाम काही सांगणे योग्य होणार नाही, पण तुम्ही केलेले वर्णन इतके नेहमीचे आहे की त्यामागे काय घडत असते ते लिहिते.

पार्किन्सन्समध्ये हालचाली नाहीशा होत नाहीत, त्या लहान होतात. पाऊल लहान पडते, हस्ताक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत जाते, चेहऱ्यावरचे भाव आखडतात. आवाजाचेही तसेच होते. श्वास उथळ घेतला जातो, स्वरतंतू एकमेकांना नीट मिळत नाहीत, तोंड कमी उघडते, आणि वाक्य पुढे जाईल तसतसा आवाज विरत जातो. रुग्णांपैकी दहांतल्या जवळपास नऊ जणांना आजाराच्या वाटचालीत कधी ना कधी बोलण्याचा त्रास होतो, आणि पुष्कळांमध्ये तो तुमच्या वडिलांसारखा अगदी लवकर सुरू होतो.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की आवाज लहान झाला आहे हे ज्याचे त्याला जाणवत नाही. किती जोर लावला म्हणजे आपण नेहमीसारखे बोललो, याचे जे माप मेंदूत असते तेच आक्रसलेले असते. त्यामुळे बाबांना आपण पूर्वीइतक्याच आवाजात बोलतो असे वाटते, आणि समोरच्याला ऐकू येत नाही याचा अर्थ त्याच्याच कानांत दोष आहे असा ते लावतात. हा हट्ट नाही. आईच्या तपासणीचा निकाल कळल्यावर ते गप्प झाले, कारण त्यांच्या दृष्टीने त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलेली गोष्ट तुम्ही खोटी ठरवलीत.

आता त्यांना समोर बसवून एकदा म्हणा, ‘बाबा, स्टँडवर गाडी पुकारायचात तसे एक वाक्य म्हणून दाखवा.’ बहुतेक ते वाक्य खणखणीत येईल आणि त्यानंतरचे पुन्हा खाली जाईल. असे झाले तर आवाज काढण्याची ताकद बव्हंशी शाबूत आहे आणि अडचण मापाची आहे, असे धरून चालता येते. जीभ, ओठ आणि गाल यांच्या सुट्या व्यायामांनी फरक पडला नाही याचे कारणही त्यातच आहे. त्या व्यायामांत बोलणे नाही, आणि मापही नाही. औषधांबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगते: लिव्होडोपा या पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाने हातापायांच्या हालचालींत जेवढी सुधारणा दिसते तेवढी आवाजात भरवशाने दिसत नाही. मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर तर काही रुग्णांचे बोलणे अधिक अस्पष्ट होते. म्हणून आवाजासाठी वेगळे प्रयत्न करावेच लागतात.

एलएसव्हीटी (ली सिल्व्हरमन व्हॉइस ट्रीटमेंट) ही पद्धत १९८७ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात लॉरेन रेमिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केली. ली सिल्व्हरमन या पार्किन्सन्स असलेल्या बाईंचे नाव तिला दिलेले आहे. त्यांचे बोलणे आपल्याला ऐकू यावे आणि कळावे, एवढीच त्यांच्या घरच्यांची मागणी होती. या पद्धतीत रुग्णाला एकच सूचना असते: मोठ्याने बोला. श्वास असा घ्या, जीभ तशी ठेवा, शब्द तोडून म्हणा, अशा पाच गोष्टी एकदम लक्षात ठेवणे पार्किन्सन्समध्ये अवघड जाते. आवाज मोठा केला की श्वास आपोआप खोल जातो, तोंड अधिक उघडते, उच्चार स्पष्ट होतात, आणि काही जणांच्या चेहऱ्यावरही थोडी जाग दिसू लागते.

एक तासाची अशी १६ सत्रे असतात. पहिल्या अर्ध्या भागात रोज तेच तीन प्रकार करून घेतात. चांगल्या, मोठ्या आवाजात जमेल तेवढा वेळ ‘आ’ धरून ठेवणे हा पहिला, आवाज उंच पट्टीत नेणे आणि खाली आणणे हा दुसरा, आणि रुग्णाच्या रोजच्या वापरातली दहा वाक्ये मोठ्याने म्हणणे हा तिसरा. उरलेल्या वेळात पहिल्या आठवड्यात सुटे शब्द आणि शब्दसमूह, दुसऱ्यात वाक्ये, तिसऱ्यात उतारे आणि चौथ्यात गप्पा, अशी चढण असते. थेरपीच्या दिवशी घरी एकदा आणि बाकीच्या दिवशी दोनदा सराव करायचा असतो. त्याशिवाय रोज एक काम बाहेरचे दिले जाते, जसे की दुकानात जाऊन त्याच आवाजात वस्तू मागणे. महिनाभर इतक्या दाटीने करण्याचे कारण असे की पहिल्या आठवड्यात जवळजवळ प्रत्येक रुग्ण ‘मी ओरडतो आहे, हे शोभत नाही’ असे म्हणतो. ते ओरडणे नाही, समोरच्याला ते साधे बोलणेच वाटते, ही खात्री आठवड्यातून एकदा अर्धा तास भेटून पटत नाही.

थांबू नये, असेच मी सांगेन. नवे माप शिकायला लक्ष लागते, स्मरणशक्ती लागते आणि न थकता तासभर बसण्याची ताकद लागते, आणि हे सगळे आज त्यांच्याजवळ आहे. बोलणे अगदीच कळेनासे झाल्यावर येणाऱ्या रुग्णांकडे नेमके तेच कमी झालेले असते. शिवाय मधल्या काळात माणूस बोलण्याचे टाळू लागतो. ती सवय सोडवणे हे माझ्या कामातले सर्वांत जड काम आहे.

सुरू करण्यापूर्वी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरयंत्र पाहून घ्या. स्वरतंतूंवर गाठ किंवा आम्लपित्ताने आलेली सूज असेल तर आधी तिच्यावर उपचार हवेत. जेवताना किंवा पाणी पिताना ठसका लागतो का, गोळी घशात अडकल्यासारखी वाटते का, हेही त्याच भेटीत सांगा. गिळण्याचे काम पाहणारा थेरपिस्टही आमच्यातलाच असतो, आणि रुग्ण हे स्वतःहून सहसा सांगत नाहीत.

मराठीत थेरपी करण्यात काहीच अडचण नाही, कारण मूळ व्यायाम ‘आ’चा आहे आणि वाक्ये तर रुग्णाचीच असतात. उलट मराठी कुटुंबांत एक गोष्ट मला वारंवार दिसते. आपल्याकडे ‘जेवलीस?’ हा प्रश्न आणि ‘जेवलीस.’ हे विधान यांत फरक फक्त सुराचा असतो. पार्किन्सन्समध्ये आवाज एकसुरी झाला की प्रश्न विधानासारखा ऐकू येतो, बायको उत्तर देत नाही, आणि आपल्याकडे दुर्लक्ष होते असे नवऱ्याला वाटते. म्हणून मी पहिल्याच दिवशी प्रश्नाच्या शेवटी ‘का’ जोडायला सांगते: ‘जेवलीस का?’ हा उपचार नव्हे, पण थेरपीचा परिणाम दिसेपर्यंत घरातले पुष्कळ गैरसमज त्याने टळतात.

सह्यवाट

मी स्वतः रुग्ण आहे. वय ७१, निदान होऊन पाच वर्षे झाली, आणि ही थेरपी मी तीन वर्षांपूर्वी पूर्ण केली. त्यापूर्वी मी ३० वर्षे शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे आपला आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो याविषयी माझ्या मनात शंका नव्हती. पत्नी सारखी ‘काय म्हणालात?’ असे विचारत असे, आणि ती माझ्याकडे लक्ष देत नाही असा माझा समज होता. पारिजात, तुमच्या वडिलांचे वाक्य वाचताना मला माझेच वाक्य वाचल्यासारखे वाटले.

मला हे कोणी सांगून पटले नाही. थेरपिस्टबाईंनी पहिल्या भेटीत आमच्या दोघांच्या साध्या गप्पा मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या आणि मला ऐकवल्या. पत्नीचा आवाज स्पष्ट येत होता, आणि मध्येमध्ये कोणीतरी दुसऱ्या खोलीतून पुटपुटल्यासारखे येत होते. ते मी होतो. तेथेच वाद संपला. म्हणून माझी विनंती आहे की वडिलांना निकाल सांगू नका, ध्वनिफीत ऐकवा. तीही सगळ्यांसमोर नको, एकट्याला ऐकवा, आणि ऐकून झाल्यावर लगेच काही विचारू नका.

महिना कष्टाचा गेला. दुसऱ्या आठवड्यात मी इतका थकत असे की दुपारी झोपल्याशिवाय संध्याकाळचा सराव होत नसे. सत्राची वेळ गोळी घेतल्यानंतर तासाभराने ठेवली, तेव्हा ते सुसह्य झाले. गोळीचा असर ओसरत आलेला असताना बसलो तर अर्धा तास वाया जाई. मला सर्वांत जास्त संकोच मात्र बाहेरच्या कामाचा वाटला. तिसऱ्या आठवड्यात बँकेच्या खिडकीवर मोठ्याने बोलून पासबुक भरून घ्यायचे होते. माझ्या दृष्टीने मी त्या दिवशी बँकेत आरडाओरडा केला. खिडकीमागच्या मुलीने मान वर करून पाहिले, पासबुक घेतले आणि ‘दोन मिनिटे बसा, काका’ म्हणाली. रांगेतल्या एकानेही वळून पाहिले नाही. त्या दिवशी मला थेरपिस्टबाईंचे म्हणणे कळले.

स्तोत्रे आणि आरत्या यांच्याबद्दल एक सांगतो, कारण आमच्या घरी तोच गैरसमज झाला होता. रोज सकाळी स्तोत्र म्हणताना माझा आवाज चांगला लागे, गणपतीत आरती म्हणतानाही लागे, आणि त्यामुळे घरच्यांना मी बोलतानाच मुद्दाम हळू बोलतो असे वाटे. पाठ असलेली गोष्ट लयीत म्हणणे वेगळे आणि विचार करून वाक्य जुळवत बोलणे वेगळे, असे मला नंतर समजावून सांगण्यात आले. स्तोत्र अवश्य म्हणावे, मी अजूनही म्हणतो, परंतु तेवढा सराव पुरेसा आहे असे समजू नये.

महिना संपल्यावर आवाज ठळक झाला, अगदी फोनवरसुद्धा. पुढे सराव चालू ठेवला तोपर्यंत तो टिकला. एका दिवाळीत पाहुण्यांच्या गर्दीत तीन आठवडे सराव राहिला, आणि आवाज पुन्हा उतरला आहे हे मला कळलेही नाही, नातवाने सांगितले. चार ताजी सत्रे घेतल्यावर तो परत वर आला. आता रोज सकाळी पंधरा मिनिटे मी चुकवत नाही.

पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी, या दोन्ही ठिकाणच्या शुभार्थींशी, म्हणजे रुग्णांशी, आणि त्यांच्या घरच्यांशी बोलावे असे मी सुचवीन. माझे निम्मे धैर्य तेथून आले. आपल्यासारखाच हळू बोलणारा माणूस आपल्यासमोर मोठ्याने बोलताना पाहिला, म्हणजे संकोच कमी होतो.

टेम्सकाठ

मी इंग्लंडमध्ये राहते, माझ्या यजमानांना पार्किन्सन्स आहे. येथे झालेल्या एका मोठ्या चाचणीबद्दल लिहावेसे वाटते, कारण ‘एवढा खटाटोप आवश्यक आहे का’ या प्रश्नाचे उत्तर त्यात बरेचसे आहे. पीडी कॉम या नावाची ही चाचणी ब्रिटनमधल्या ३८८ रुग्णांवर झाली आणि तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. रुग्णांचे तीन गट केले होते. एका गटाला एलएसव्हीटी लाउड दिली, दुसऱ्याला येथील सरकारी आरोग्यसेवेत एरवी मिळते ती थेरपी, म्हणजे प्रमाणाने पुष्कळच विरळ, आणि तिसऱ्याला तूर्त कोणतीही थेरपी नाही. बोलण्याच्या अडचणीमुळे रोजच्या जगण्यात किती त्रास होतो, याची ३० प्रश्नांची आणि १२० गुणांची एक प्रश्नावली असते. तीन महिन्यांनी एलएसव्हीटीच्या गटाचा त्रास थेरपी न मिळालेल्यांपेक्षा सरासरी ८ गुणांनी कमी होता. नेहमीची विरळ थेरपी मिळालेल्यांत आणि काहीच न मिळालेल्यांत मात्र म्हणण्यासारखा फरक आढळला नाही.

पारिजात, तुमचे दोन महिने वाया गेले असे तुम्हाला वाटत असेल तर त्यात ना तुमची चूक आहे ना बाबांची. आम्हीही येथे तशीच सहा सत्रे घेऊन निराश झालो होतो.

त्याच चाचणीतली दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एलएसव्हीटीच्या गटात घसा बसण्याच्या तक्रारी इतरांपेक्षा अधिक होत्या. त्या गंभीर नव्हत्या, पण होत्या. यजमानांचाही पहिल्या आठवड्यात घसा बसला, कारण ते मानेच्या शिरा ताणून बोलत होते. थेरपिस्टने ते सुधारले. म्हणून नुसते व्हिडिओ पाहून घरच्या घरी ‘मोठ्याने बोला’ सुरू करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मोठा आवाज पोटातून आणि मोकळ्या गळ्यातून यायला हवा, आणि तो तसा येतो आहे की नाही हे जाणकार कानांनाच कळते.

टिकण्याबद्दल विचाराल, तर रेमिग यांच्याच गटाने २००१ मध्ये ३३ रुग्णांचा दोन वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला होता. केवळ श्वासाचे व्यायाम केलेल्यांपेक्षा आवाजावर काम केलेल्यांची सुधारणा दोन वर्षांनंतरही टिकून होती. ज्यांनी पद्धत काढली त्यांचाच तो अभ्यास आहे, हे लक्षात घेऊनच मी तो वाचते. ब्रिटनमधली चाचणी स्वतंत्र गटाने केली, म्हणून माझा भरवसा तिच्यावर अधिक आहे.

पारिजात

आपणा सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी साताऱ्याला गेले होते. वाचोपचार यांनी सांगितल्याप्रमाणे बाबांना स्टँडवरची घोषणा करून दाखवायला सांगितली. ते आधी नको म्हणाले, मग खुर्चीत ताठ बसले आणि ‘सातारा-स्वारगेट विनाथांबा, फलाट क्रमांक तीनवर लागत आहे’ असे इतक्या दणदणीत म्हणाले की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. पुढच्याच वाक्याला आवाज खाली गेला. त्यानंतर सह्यवाट काकांच्या सूचनेप्रमाणे, बाबांच्या परवानगीने, त्यांचे आणि आईचे बोलणे ध्वनिमुद्रित केले आणि फोन त्यांच्याजवळ ठेवून मी बाहेर गेले. अर्ध्या तासाने ते म्हणाले, ‘त्या थेरपीची वेळ विचारून घे.’

माझे तीन प्रश्न उरले आहेत. व्हिडिओ कॉलवर आवाज किती मोठा आहे हे थेरपिस्टला कसे कळणार? मोबाइलवर डेसिबल दाखवणारी ॲप्स भरवशाची असतात का? आणि आई दिवसातून पन्नास वेळा ‘मोठ्याने बोला’ म्हणते, त्याचे काय करावे?

वाचोपचार

ऑस्ट्रेलियात २०११ मध्ये एक तुलनात्मक चाचणी झाली होती, आणि तीत दूरस्थ पद्धतीने दिलेली एलएसव्हीटी समोरासमोर दिलेल्या थेरपीपेक्षा कमी ठरली नाही. म्हणून साताऱ्यात बसून ती घेण्यास हरकत नाही. तुमची शंका मात्र अगदी बरोबर आहे. व्हिडिओ कॉलची ॲप्स हळू आवाज आपोआप वाढवतात, मोठा आवाज दाबतात आणि लांबवलेला ‘आ’ तर गोंगाट समजून मध्येच कापून टाकतात. त्यामुळे ॲपच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ध्वनी मूळ स्वरूपात पाठवण्याची सोय असेल तर ती सुरू करावी, आणि मोजणी नेहमी रुग्णाच्या बाजूलाच करावी.

मोबाइलवरच्या ॲपचा आकडा प्रयोगशाळेच्या दर्जाचा नसतो, परंतु आपल्याला आजची तुलना कालशी करायची आहे. फोन तोच ठेवा, ॲप तेच ठेवा, ओठांपासून अंतर दर वेळी ३० सेंटीमीटर ठेवा, आणि पंखा व टीव्ही बंद करून मोजा. पहिल्या दिवशी तीन वेळा ‘आ’, एक उतारा आणि पाच मिनिटांच्या गप्पा मोजून वहीत लिहून ठेवा. पार्किन्सन्समधला उतरलेला आवाज बहुधा दोन ते चार डेसिबलनेच कमी असतो. आकडा लहान दिसला तरी मिक्सर किंवा टीव्ही चालू असलेल्या खोलीत तेवढ्यानेच शब्द बुडतात, म्हणून वहीत दोन डेसिबलची वाढ दिसली तरी ती क्षुल्लक समजू नका. थेरपिस्ट निवडताना त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का आणि त्यांनी एलएसव्हीटीचे प्रमाणपत्र घेतले आहे का, हे दोन्ही विचारा. वांद्र्याची अलियावर जंग राष्ट्रीय संस्था, मुंबईचे नायर रुग्णालय आणि पुण्यात भारती विद्यापीठ येथे या विषयाचे शिक्षण दिले जाते, तेव्हा चौकशीची सुरुवात तेथून करता येईल.

आईंच्या बाबतीत नाजूकपणे घ्यावे लागेल, कारण त्यांची तळमळ खरी आहे. दर वाक्याला ‘मोठ्याने’ असे ऐकू आले की माणूस वाक्येच कमी करतो. शिवाय तो कोणीतरी सांगितल्यावरच आवाज वाढवायला शिकतो, आणि आपल्याला तर ते माप त्याच्या स्वतःच्या आत बसवायचे आहे. आईंनी दिवसातला एक अर्धा तास ठरवून घ्यावा, चहाचा म्हणा, आणि त्या वेळेपुरती न बोलता हाताची एक खूण करावी. एरवी ऐकू आले नाही तर ‘मला ऐकू आले नाही, पुन्हा सांगता का?’ असे विचारावे, आणि ऐकू आले तेव्हा लगेच उत्तर द्यावे, कारण मोठ्याने बोलल्याचे फळ तेच आहे. दुसऱ्या खोलीतून विचारू नये, समोर येऊन बसावे. पाहुण्यांशी किंवा डॉक्टरांशी बोलताना बाबांचे वाक्य आपण पूर्ण करू नये, मग थांबावे लागले तरी चालेल. तुमच्या फोनबद्दलही हेच सांगेन. ‘आईला देतो’ असे बाबा म्हणाले की लगेच हो म्हणू नका, त्यांना एखादा असा प्रश्न विचारा ज्याचे उत्तर त्यांनाच माहीत आहे.

पारिजात

स्वरयंत्राची तपासणी परवा झाली. स्वरतंतू मिटताना मध्ये थोडी फट राहते, बाकी दोष नाही असे डॉक्टरांनी सांगितले. पाणी पिताना कधीकधी ठसका लागतो हे बाबांनी विचारल्यावर कबूल केले, ते आम्हाला कोणालाच माहीत नव्हते, आणि त्याची वेगळी तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. थेरपी येत्या सोमवारपासून व्हिडिओ कॉलवर सुरू होईल. थेरपिस्ट पुण्याच्या आहेत, मराठीत बोलतात, आणि सत्राची वेळ सकाळी साडेदहा ठेवली आहे, म्हणजे गोळी घेऊन तास झालेला असेल.

त्यांनी रोजच्या वापरातली दहा वाक्ये लिहून आणायला सांगितली होती. बाबांनी ती स्वतः लिहिली, अक्षर बारीक आहे पण वाचता येते. ‘अर्धा लिटर गायीचे दूध द्या.’ ‘अगं, माझा चष्मा पाहिलास का?’ ‘राजवाड्याला जायचे आहे, किती घेणार?’ ‘कोण आहे? थांबा, येतो.’ अशी ती आहेत. ‘का’ त्यांनी आठवणीने जोडला आहे. दहावे वाक्य असे आहे: ‘माझे बोलणे अजून संपलेले नाही, मला मध्येच तोडू नका, मी सावकाश सांगतो पण पूर्ण सांगणार आहे.’ हे वाचून आईने आणि मी एकमेकींकडे पाहिले. ते राहू द्यावे ना?

वाचोपचार

अवश्य राहू द्या. फक्त पहिल्या आठवड्यात ते एका श्वासात पेलणार नाही आणि शेवटचे शब्द पुन्हा विरतील, म्हणून त्याची दोन वाक्ये करा. ‘मला मध्येच तोडू नका’ हे आधी घ्या, आणि ‘मी पूर्ण सांगणार आहे’ हे नवा श्वास घेऊन, तितक्याच मोठ्या आवाजात. ठसक्याच्या तपासणीचा अहवाल सोमवारपूर्वी हाती आला तर तो तुमच्या थेरपिस्टना आधी पाठवून ठेवा.